पंपघराच्या पाच काचा

मिस्त्री सभागृहात सगळ्यात मागच्या बाकावर अंग चोरून बसले होते. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या भिंती उभ्या केल्या, पण नगरपालिकेची सभा ऐकायला ते पहिल्यांदाच आले होते, आणि तेही लेकीसाठी.

विषय जुन्या पंपघराचा होता. गावात नळाला पहिलं पाणी आलं ते इथून. पंप केव्हाच भंगारात गेले; उरल्या त्या उंच कमानी आणि चुन्यात बांधलेल्या हातभर रुंद भिंती. ही इमारत वारसा यादीतून काढून तिथे वाहनतळ बांधायचा ठराव होता. ठरावाचा सगळा डोलारा एका अहवालावर उभा होता: मागच्या भिंतीच्या भेगा वाढत आहेत, इमारत धोकादायक आहे. अहवाल लिहिणारी तरुण इंजिनीअर म्हणजे मिस्त्रींची लेक. तिची तात्पुरती नेमणूक महिनाअखेर संपत होती आणि कायम करण्याचा कागद नगराध्यक्षांच्या सहीसाठी अडला होता.

भेग वाढते का हे पाहायची जुनी रीत आहे. भेगेवर काचेची पट्टी आडवी ठेवायची आणि दोन्ही टोकं भिंतीला पक्की करायची. भिंत हलली की काच तडकते. लेकीने पाच पट्ट्या बसवल्या आणि दोन महिन्यांत पाचही तडकल्या. आणखी काय पुरावा हवा?

चार दिवसांपूर्वी मिस्त्री मोठ्या कौतुकाने लेकीचं काम बघायला गेले आणि कपाळाला हात लावून बसले. भेग वाढली असती तर काचेच्या तुकड्यांत फट पडली असती. इथे तुकडे एकमेकांना चिकटून होते, मधून धागा जाईना. लेकीने घाईघाईत पट्ट्या सिमेंटच्या जाड गोळ्यांत बसवल्या होत्या. सिमेंट सुकताना आकसतं आणि काचेला ओढतं. भिंत बिचारी जागच्या जागी होती.

घरी येऊन त्यांनी लेकीला सांगितलं, आणि तिचा पडलेला चेहरा बघून लगेच सारवासारवही केली. "तू गप्प बस. आधी नोकरी पक्की होऊ दे." बोलून गेले खरे, पण नंतर त्यांना घास गोड लागेना. ओळंब्याच्या सरळ दोरीतून बोटभर सुटलेली भिंत मालकाने चालेल म्हटलं तरी पाडून पुन्हा बांधणारा हा माणूस.

सभेत एक निवृत्त शिक्षिका इमारतीच्या बाजूने पोटतिडकीने बोलल्या. पण त्यांच्याकडे आठवणी होत्या आणि समोरच्यांकडे अहवाल. आठवणींना कोण विचारतो? नगराध्यक्षांनी हात वर करायला सांगितले, तशी लेक उठली.

"थांबा. अहवाल चुकलाय. चूक माझी आहे."

मग तिने सगळं सांगितलं. सिमेंट सांगितलं, धागा सांगितला, स्वतःची घाईसुद्धा सांगितली. एकही वाक्य ओळंब्यातून सुटलं नाही. कुठे 'बहुधा' नाही, कुठे 'तसं पाहिलं तर' नाही. एवढं सरळ बोलायला वाघाचं काळीज लागतं.

नगराध्यक्षांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "बाई, ही चूक आमच्यापैकी कुणाला कळलीही नसती."

"माझ्या बाबांना कळली," ती म्हणाली. "ते मिस्त्री आहेत, मागे बसलेत. मला म्हणाले, गप्प बस. पण चार दिवस झाले, ते माझ्या नजरेला नजर देत नाहीयेत."

सगळ्या माना मागे वळल्या. धरणी पोटात घेईल तर बरं असं मिस्त्रींना झालं, आणि त्याच क्षणी ऊर भरूनही आला. आपण जे बोललो ते पोरीने ऐकलं नव्हतं. जे आयुष्यभर करत आलो तेवढं मात्र तिने नीट बघून ठेवलं होतं.

ठराव वर्षभर पुढे गेला. काचा पुन्हा लावून बारा महिने पाहायचं ठरलं. नगराध्यक्षांनी लेकीचा कागद सही न करताच फायलीत सरकवला, तेही सगळ्यांनी पाहिलं.

बाहेर पायऱ्यांवर ती वडिलांपाशी येऊन थांबली. मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं, चांगलं डोळे भरून पाहिलं.

"आजच चुना भिजत घालतो," ते म्हणाले. "उद्या दोघं मिळून लावू काचा."

"बाबा, महिनाअखेरीनंतर मी तिथे असेन की नाही, कुणास ठाऊक."

"भिंत थोडीच नेमणूक विचारणार आहे?" मिस्त्री म्हणाले.