नऊ मार्चच्या बैठकीचं इतिवृत्त

फाईल समोर आली तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. राजलक्ष्मीअक्कांनी ती लगेच वाचायला घेतली नाही. आधी शेवटच्या पानावरचा आकडा बघितला, एकशे बारा, आणि मग पहिल्या पानापासून एकेक कोपरा उलटत पानं मोजायला लागल्या.

टेबलापलीकडे बसलेले गृहनिर्माण खात्याचे अधीक्षक शिवकुमार कन्नडमध्ये म्हणाले, "वाचायला आलात की मोजायला?"

"आधी मोजते, मग वाचते," अक्काही कन्नडमध्येच म्हणाल्या. छत्तीस वर्षं सरकारी शाळेत त्यांनी तीच भाषा शिकवली होती.

राजाजीनगरच्या मागच्या अंगाला त्यांची वसाहत. गिरणी कामगारांसाठी बांधलेली चौऱ्याऐंशी घरं, त्यातलं एक वडिलांना मिळालेलं. जुनी घरं पाडून तिथंच सगळ्यांना नवे फ्लॅट देणार, असं सरकारनं जाहीर केलं तेव्हा वसाहतीनं पेढे वाटले होते. मग नोटीस आली. फ्लॅट मिळणार ते शहराबाहेर, तीस किलोमीटरवर. नोटिशीत एक वाक्य होतं: मंत्रिमहोदयांच्या अध्यक्षतेखाली नऊ मार्चला झालेल्या बैठकीत, रहिवाशांच्या संमतीनं हा निर्णय झाला आहे.

कोणाच्या संमतीनं? वसाहतीत कुणालाच ठाऊक नव्हतं. अक्कांनी माहितीच्या अधिकारात बैठकीचं इतिवृत्त मागितलं. उत्तर आलं, अशी नोंद सापडत नाही. अपील केलं, पुन्हा तेच. चौदाव्या महिन्यात माहिती आयोगानं आदेश काढला की अर्जदाराला संपूर्ण फाईल दाखवा, अमुक दिवशी, तीन ते साडेपाच.

धाकट्या भावानं, दयानंदनं, चिकपेटेतल्या साडीच्या दुकानातून अर्ध्या दिवसाची रजा काढून त्यांना स्कूटरवरून आणलं होतं. आत फक्त अर्जदारालाच सोडत होते, म्हणून तो बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसला होता.

अठ्ठावन्नाव्या पानानंतर एकदम त्रेसष्टावं आलं.

"मधली चार पानं?"

"मंत्र्यांच्या बैठकीची पानं वेगळी ठेवतात. गोपनीय असतात."

अक्कांनी आयोगाचा आदेश पुढं सरकवला आणि 'संपूर्ण' या शब्दावर बोट ठेवलं.

"सरी, ठीक आहे," शिवकुमार म्हणाले. "सोमवारी या. शोधून ठेवतो."

आज आपण या खुर्चीवरून उठलो की ती पानं पुन्हा दिसायची नाहीत, हे अक्कांना उमगलं. "मी साडेपाचपर्यंत इथंच आहे. पानं नसतील तर नाहीत म्हणून सही-शिक्क्यानं लिहून द्या."

शिवकुमार उठून गेले. दहा मिनिटं झाली, वीस झाली. मग एक शिपाई आला आणि फाईलीकडे हात करून म्हणाला, "साहेबांनी मागवलीय."

अक्कांनी दोन्ही तळहात फाईलीवर दाबून धरले. "साहेबांनाच इकडे यायला सांगा."

शिपाई निघून गेला. तळहाताखालचा पुठ्ठा घामानं ओला झाला होता.

चार वाजून वीस मिनिटांनी शिवकुमार परत आले. हातात प्लॅस्टिकचं पाकीट होतं. दार लावून ते खाली बसले आणि चक्क मराठीत बोलले. "अक्का, मघाशी भावाशी बोलताना ऐकलं तुमचं. मी बी निपाणीकडचा. तुमच्या भल्याचं सांगतो, ही पानं बघू नगा. अर्ज मागं घ्या. तुमचं घर हितंच ऱ्हाईल, मी बघतो."

"आणि बाकीची त्र्याऐंशी?"

त्यांनी पाकीट पुढं ढकललं.

पहिलं पान हजेरीचं. मंत्री, सचिव, एका बांधकाम कंपनीची दोन माणसं. सगळ्यात खाली 'रहिवासी प्रतिनिधी' आणि त्यासमोर कन्नड सही. त्या सहीतला 'द' अक्कांनी ओळखला. आई गेली तेव्हा दयानंद पाच वर्षांचा होता. त्याचा हात हातात धरून तो 'द' त्यांनीच पाटीवर गिरवून घेतला होता.

चौथ्या पानावर इंग्रजीत टाइप केलं होतं, की रहिवासी प्रतिनिधींनी स्थलांतराला पूर्ण संमती दिली.

"प्रत घेतली की ही सही वसाहतीत दारोदार जाणार," शिवकुमार हळूच म्हणाले. "अजून बी इचार करा."

अक्कांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. पाकीट बंद केलं असतं तर कुणाला काय कळणार होतं? नाही मिळालं म्हणून सांगितलं की संपलं. पण शेजारची तानूबाई रोज दळण ठेवायच्या निमित्तानं येऊन विचारायची, "सापडला का गं तो कागद?" तिला काय सांगायचं? आणि बाहेर बाकावर बसलेल्या त्या पोराला काय विचारायचं?

"चारही पानांच्या प्रमाणित प्रती द्या," त्या म्हणाल्या. "आत्ता."

शिक्के बसायला पाच वीस झाले.

व्हरांड्यात दयानंद उठून उभा राहिला. "मिळालं, अक्का?"

अक्कांनी पहिलं पान त्याच्यासमोर धरलं.

"चौदा महिने माझ्या अर्जांच्या झेरॉक्स काढत होतास तू."

"स्वल्प ऐक, अक्का. गटाराच्या तक्रारीसाठी म्हणून बोलावलं होतं मला. मंत्र्यांबरोबर चहा प्यायलो. वाटलं, आपण वसाहतीचं मोठं काम केलं. हजेरीचा कागद फिरला, सही केली. संमतीचं कुणी विचारलंच नाही गं. नोटीस आली तेव्हा तारीख बघितली, आणि मग तोंडच उघडेना."

"मला सांगायचं होतंस."

"तू मारलं असतंस."

"मारलंच असतं." सही दिसल्यापासून त्या पानावरचं दुसरं काही त्यांच्या डोळ्यांत शिरलंच नव्हतं. आता बघितलं. वर, बारीक अक्षरांत, विषय लिहिला होता: वसाहतीतील पाणी व गटार तक्रारी. स्थलांतराचं अवाक्षर नव्हतं.

त्यांनी ती ओळ त्याला मोठ्यानं वाचायला लावली. दोनदा.

रविवारी वसाहतीच्या देवळासमोर दयानंदनं सगळ्यांपुढं हे सांगितलं. वसाहतीतल्या मल्लाप्पानं त्याची कॉलर धरली. तानूबाई ओरडली, "सोड त्याला! बोलू दे पुरतं." तो पुरतं बोलला. पुढं वकिलाकडे जाऊन, संमती कधी मागितलीच नव्हती, असं प्रतिज्ञापत्रावर लिहून दिलं. वसाहत कोर्टात गेली. हजेरीचं पान आणि इतिवृत्त शेजारी ठेवून न्यायाधीशांनी वाचलं, आणि घरं पाडायला स्थगिती दिली. निकाल अजून लागायचाय.

परवा खात्याकडून नव्या बैठकीचं बोलावणं आलं. एक प्रतिनिधी पाठवा, असं पत्रात होतं. अक्कांनी उत्तर लिहिलं: सात जण येऊ आणि इतिवृत्ताची प्रत हातात घेऊनच उठू. सात नावं वसाहतीनं ठरवली. दयानंदचं नाव कुणी सुचवलं नाही. अक्कांनीही नाही.