चार नंबरचा केक

धाकटी जाऊ फोनवर "सॅटर्डे इव्हिनिंग? शुअर!" असं म्हणायची, तेव्हा माझ्या पोटात आग पडायची. खोटं कशाला बोलू? जळायचे मी. उभी जळायचे.

उभीच, कारण केकच्या त्या दुकानात मागच्या खोलीत बसायला जागा नाही. अकरा वर्षं उभी आहे. पिंढऱ्यांच्या शिरा निळ्या होऊन वर आल्यात. इंग्रजीचं एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण केकवर इंग्रजी लिहिणारी मीच. मालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी एक पुठ्ठा दिला होता. त्यावर सहा मजकूर आणि त्यांचे सहा नंबर. एक म्हणजे हॅपी बर्थडे, दोन ॲनिव्हर्सरी, तीन वेलकम, चार फेअरवेल, पाच काँग्रॅच्युलेशन्स, सहा बेस्ट ऑफ लक. काउंटरवरून चिठ्ठी यायची, तिच्यावर नंबर आणि नाव. भिंतीला सात वारांचे सात खिळे. चिठ्ठी ज्या खिळ्याला, त्या वारी केक. मी पुठ्ठ्याकडे बघून नक्षी काढावी तशी अक्षरं काढायचे. पण त्या नक्षीचे लोक फोटो काढायचे, हेही लिहून ठेवते.

धाकटीला कामाला मीच आणली. माझीच अवदसा. "इंग्रजीचा क्लास केलाय तिनं," असं मीच मालकीणबाईंना कौतुकानं सांगितलं होतं.

आठ दिवसांत तिनं खिळ्यांवर कागद चिकटवले. मंडे, ट्यूसडे, वेन्सडे, सगळे. खिळे तेच, भिंत तीच. पण मालकीणबाई म्हणाल्या, "किती छान गं!" अकरा वर्षांत त्या भिंतीकडे बघून मला कुणी छान म्हटलं नव्हतं.

मग बातमी आली की काउंटरवरची चष्मेवाली नोकरी सोडतेय. म्हणजे खुर्ची रिकामी होणार. गादी असलेली, पाठ टेकायची खुर्ची. मालकीणबाई म्हणाल्या, "शनिवारी सांगते कुणाला बसवायचं ते. फोन घेता आला पाहिजे, बस्स."

मी शिकायला लागले. कुणाकडून? तिच्याकडूनच, चोरून. ती पुढं फोनवर बोलायची, मी पडद्याआड क्रीम फेटत ऐकायचे. एंगेजमेंट, रिसेप्शन, पार्टी, गेस्ट. तिचं उष्टं इंग्रजी मी ओठांत घोळवायचे. घरी कपडे वाळत घालताना तोंड चालूच. एकदा नवऱ्यानं ऐकलं.

"थर्सडे, थर्सडे काय चाललंय मघापासून? कोण हा?"

"आहे एक. तुमच्यापेक्षा बरा. आठवड्यातून एकदा तरी वेळेवर येतो."

धाकटी मात्र उघड विचारायची. "ताई, मला क्रीमचा कोन धरायला शिकवा ना. माझी अक्षरं मुंग्या चालल्यासारखी येतात."

"हात काही शिकवून येत नसतो," मी म्हणायचे. शिकवता येतो. मला शिकवायचा नव्हता.

मंगळवारी तिनं नवा पुठ्ठा करून माझ्या जुन्यावर टांगला. सहाऐवजी दहा मजकूर. "जास्त खपणारे वर घेतलेत, ताई. एकदा बघून घ्या."

"बघते," म्हटलं, आणि त्याच्याकडे पाठ केली. बघायचंच नाही म्हटलं तिचं काही. चिठ्ठी आली की काय लिहायचं ते तोंडी विचारून घ्यायचे; जुने सहा मजकूर हाताला पाठ होते.

बुधवारी दुपारी धाकटी आणि चष्मेवाली दोघी जेवायला गेल्या असताना फोन वाजला. मी हात पुसले आणि उचलला. पलीकडे कुठल्याशा कचेरीतली बाई, फाडफाड इंग्रजी. एकेक शब्द पकडत ऐकलं. फेअरवेल. फ्रायडे. सिक्स ओ क्लॉक. नाव नको, नुसतं 'सर'.

"येस," मी म्हटलं. "फ्रायडे. सिक्स. फेअरवेल. थँक्यू."

फोन ठेवला तेव्हा मी दुकानाएवढी उंच झाले होते. चिठ्ठी लिहिली. बोलता आलं तरी लिहिता कुठं येत होतं? अकरा वर्षांची सवय, चार नंबर टाकला, पुढं 'सर'. फ्रायडेच्या खिळ्याला अडकवली.

शुक्रवारी मला मोठ्या तीन मजली केकबरोबर एका हॉलवर पाठवलं. परत आले तेव्हा साडेचार झाले होते. सरांचा केक टेबलावर तयार, धाकटीनं लिहिलेला.

आधी मी अक्षर बघितलं. मुंग्या नव्हत्या. माझंच वळण होतं, माझीच शेपटी, शेवटचा झोकाही माझाच. बया घरी ताटाच्या पाठीवर गिरवत बसली असणार. मी पडद्याआडून चोरत होते आणि ही उजेडात माझा हात चोरून बसली होती!

मग मजकूर बघितला. फेअरवेलचं पहिलं अक्षर म्हणजे उभा दांडा, त्याला वर एक आडवी दांडी, खाली दुसरी लहान. इथं पहिलंच अक्षर तुटक्या बांगडीसारखं. माझा जुना पाच नंबर. काँग्रॅच्युलेशन्स.

मान वळवून नवा पुठ्ठा पहिल्यांदा नीट बघितला. त्यावर चार नंबरला तीच तुटकी बांगडी.

खरवडून पुन्हा लिहायला पंधरा मिनिटं लागली असती, आणि वेळ दीड तासाचा होता. धाकटी म्हणाली, "ताई, कसा झालाय? खरं सांगा."

"छान," मी म्हटलं, आणि स्वतःच्या हातानं खोक्याचं झाकण लावलं. जाऊ दे. अक्षर तिचं, पुठ्ठा तिचा, फजितीही तिचीच होऊ दे.

शनिवारी सकाळी त्याच बाईचा फोन आला. मालकीणबाईंनी घेतला. मी पडद्याआड कान टवकारले. आधी नुसतं "हो, हो". मग मालकीणबाई हसायला लागल्या, इतक्या की डोळे पुसायला लागल्या.

"अगं, त्या साहेबानं म्हणे सगळ्या कचेरीला वीस वर्षं छळलंय! निरोपाचा खोका उघडला तर आत काँग्रॅच्युलेशन्स! आधी सगळ्यांना धडकी भरली, मग टाळ्याच टाळ्या. साहेबसुद्धा हसला. पुढच्या महिन्यातले चार केक आपल्यालाच सांगितलेत. कुणाच्या डोक्यातून आलं हे?"

धाकटीचा चेहरा एकदम बदलला. तिला आत्ता कळलं होतं. तिनं माझ्याकडे बघितलं, नव्या पुठ्ठ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "ताईंच्या. फोन त्यांनीच घेतला, चिठ्ठी त्यांचीच. मी नुसती लिहिणारी."

झालं! खुर्ची माझ्या पदरात टाकत होती. मी नुसती मान हलवायची होती. पण मोठेपणासुद्धा हिनंच घ्यायचा? इंग्रजी हिचं, माझा हात हिचा, वर हा उपकार? तिनं दिलेल्या खुर्चीवर मला एक दिवसही बसवलं नसतं.

"डोकं कुणाचंच नाही," मी म्हटलं. "चूक आहे. माझ्या पुठ्ठ्यावर चार म्हणजे फेअरवेल. हिचा पुठ्ठा मी बघितलाच नाही. आणि काल झाकण लावताना मला कळलं होतं. हिची फजिती व्हावी म्हणून गप्प बसले."

मालकीणबाईंचं हसू थांबलं. "फोन इंग्रजीत घेतलास?"

"हो."

"वार, वेळ?"

"बरोबर होते की सगळे."

"शाबास. पण चुकलेला केक बघून जी गप्प बसते, तिला मी गिऱ्हाइकासमोर बसवणार नाही." त्या धाकटीकडे वळल्या. "मंडेपासून तू बस."

वाईट वाटलं का? वाटलं. त्यांचं चुकलं असं मात्र म्हणत नाही.

सोमवारी धाकटी खुर्चीवर बसली. दुपारी पडदा सारून आत आली. "ताई, रागावलात?"

"त्या दहाच्या दहा ओळी मला वाचायला आणि लिहायला शिकव. आजपासून. नंबर बंद."

"शिकवते. आणि कोन?"

"कोन धरताना तुझा अंगठा वर राहतो. खाली घे. चोरायचं तर नीट चोरावं."

ती खुदकन हसली. मला हसू आलं नाही. जळणं काही थांबलेलं नाही. तेवढ्यात पुढं फोन वाजला, ती पळाली. मी क्रीम फेटत राहिले. "संडे मॉर्निंग? शुअर!" ती म्हणाली.

माझे ओठ तिच्याआधी म्हणून मोकळे झाले होते.