कच्च्याचा चिमटा

मी चिमटा बोलतोय. केसांत खोचतात तो नव्हे, दोरीवरच्या कपड्यांना लावतात तोही नव्हे. मी कोरियन बार्बेक्यूच्या हॉटेलातला, दीड वीत लांब, स्टीलचा. खिडकीजवळचं चार नंबरचं टेबल हे माझं घर.

आमच्याकडे टेबलाच्या मधोमध शेगडी असते. मांस कच्चं येतं आणि गिऱ्हाईक ते स्वतः भाजून खातं. आपला हात जगन्नाथ! जन्मात चहासुद्धा न केलेली माणसं इथे बसली की एकदम आचारी होतात. जो भाजायला घेतो, तो सगळ्यांना वाढता वाढता स्वतः उपाशी राहतो, हेही मी रोज पाहतो.

कारखान्यातून आम्ही चोवीस जण एकाच खोक्यातून आलो. वाढणाऱ्या मावशींनी त्यातल्या बारा जणांच्या गळ्याला लाल चिकटपट्टी गुंडाळली. त्या बारांत मी होतो. ज्याला लाल पट्टी, त्याने कच्चं मांस उचलून जाळीवर ठेवायचं. भाजलेलं उचलून ताटात वाढायचं काम बिनपट्टीच्याचं. माझ्या टेबलावर ते काम माझ्या जुळ्या भावाला मिळालं.

मला त्याचा हेवा वाटायचा. मी गार, चिकट तुकडे उचलायचो आणि तो चरचरणारे, खमंग. लोक ताट पुढे करायचे ते त्याच्यापुढे. एकदा तरी कुणाच्या ताटात आपण घास ठेवावा, एवढीच माझी इच्छा होती.

रोजच्या धुण्याने पट्टी सैल होत गेली आणि एका सकाळी गळून पडली. मावशी म्हणाल्या, "दुपारी नवीन लावते." पण दुपारी गर्दी झाली आणि ते राहून गेलं.

त्याच दुपारी ती दोघं आली. बहीण चाळिशीची, डोक्याला रुमाल बांधलेला, मनगटं काडीसारखी. भाऊ धाकटा, चांगला गुबगुबीत. ती त्याला ढोल्या म्हणत होती. खुर्ची ओढून देताना त्याने मावशींना आपणहून सांगितलं, "ताईचे केमोचे सगळे डोस गेल्या आठवड्यात संपले. आज किती महिन्यांनी तिने स्वतःहून काहीतरी खायला मागितलंय."

"डॉक्टरांनी बाहेरचं बंद केलंय," ताई म्हणाली. "खायचंच तर गरम आणि पूर्ण शिजलेलं."

"म्हणून तर इथे आणलं. डोळ्यांसमोर भाजायचं, यात कसली भीती?"

मावशींनी आम्हा दोघांना टेबलावर ठेवलं. "डावीकडचा कच्च्याला, उजवीकडचा वाढायला," एवढं सांगून त्या दुसऱ्या टेबलाकडे धावल्या.

भाऊ फार काळजीने भाजत होता. कोंबडीचा प्रत्येक तुकडा कात्रीने कापून आतला रंग बघायचा, शंका आली की पुन्हा जाळीवर टाकायचा. ताई हसून म्हणाली, "अरे ढोल्या, कोळसा खायला घालतोस का मला?"

मध्येच तिच्या गोळीची वेळ झाली. त्याने पाण्याचा ग्लास ठेवायला जागा केली, वाट्या सरकवल्या, आम्हालाही सरकवलं. मी उजवीकडे गेलो, माझा जुळा डावीकडे. आमच्यात फरक तो काय? एका साच्यातले आम्ही.

मग त्याने मला उचललं. माझ्या टोकांना अजून कच्च्या कोंबडीचं पाणी होतं. त्याने माझ्या चिमटीत सगळ्यात चांगला भाजलेला तुकडा उचलला आणि ताईच्या ताटात ठेवला. नंतर आणखी एक. मग आणखी.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? तिने सॅलडच्या पानात गुंडाळून घास तोंडात टाकला आणि डोळे मिटले. "चव लागतेय रे," ती म्हणाली. त्याने तोंड फिरवून नाक पुसलं. मला वाटलं, जन्माचं सार्थक झालं.

दोन महिन्यांनी तो एकटाच आला. त्याच टेबलावर बसला आणि दोघांपुरतं मागवलं. मावशींनी विचारलं, "ताई मागून येतायत का?"

"ताई गेली," तो म्हणाला. "इथून गेल्यावर तिसऱ्या दिवशी पोट बिघडलं, मग ताप. अंगात ताकदच नव्हती. डॉक्टरांनी विचारलं, बाहेर काय खाल्लं. मी म्हटलं, माझ्या हातचं खाल्लंय. एकही तुकडा कच्चा राहू दिला नव्हता मी." मग म्हणाला, "शेवटचं पोटभर जेवली ती इथेच."

मावशी आत गेल्या, त्या दिवसापासून राहून गेलेली लाल पट्टी घेऊन आल्या आणि टेबलाशी उभ्या राहून माझ्या गळ्याला घट्ट तीन वेढे दिले. सैल झालेली जुनी बदलायला आल्यासारखं.

"हे काय?" त्याने विचारलं.

"खूण. कच्च्याच्या चिमट्याला असते."

"त्या दिवशी होती?"

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. "होती की."

तो आठवत राहिला. मग त्याने मान हलवली. "हो, होती. लालच होती. कच्च्याला मी तोच वापरत होतो."

माझ्यामुळेच ते झालं, हे मला तरी कुठे ठाऊक आहे? नसेलही. पण उकळत्या पाण्यात रोज बुडूनही ते तीन घास माझ्या टोकांवरून जात नाहीत. ज्याची आयुष्यभर आस धरली, ते एकदाच मिळालं आणि असं मिळालं. आता माझी कसलीच इच्छा उरलेली नाही.

तो अजूनही येतो. दोघांपुरतं मागवतो, एकेक तुकडा कापून आतला रंग बघतो, समोरच्या रिकाम्या ताटात वाढतो आणि तसाच उठून जातो. तुम्ही कधी आमच्याकडे जेवायला आलात आणि तो चार नंबरला दिसला, तर माझं एवढं ऐका. मी आज जे बोललो, ते त्याला सांगू नका. पट्टी होती, असंच म्हणा.