पटावरची पंचविसावी

शहात्तर साली मी सोलापुरात एका मंडळाच्या पाळणाघरात मदतनीस होते. मी आणि सोजरबाई, दोघीच. विड्या वळणाऱ्या आणि गिरणीत जाणाऱ्या बायकांची पोरं सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत आमच्या हवाली असायची. सरकारचं अनुदान पंचवीस पोरांना होतं. एक जरी कमी पडलं तरी ते तुटणार, असं मंडळाच्या चिटणीसबाई सारखं सांगायच्या. कागदावर माझा पगार साठ रुपये होता, हातात चाळीस यायचे. उरलेले वीस मी मंडळाला देणगी देते असं त्यात लिहिलेलं असायचं. मला तेव्हा वाचता येत नव्हतं. मी अंगठा द्यायची.

नवरा वारलेला. माझी शरणी दीड वर्षाची. कामावरच्या बाईचं मूल पटावर घ्यायचं नाही, असा मंडळाचा नियम. म्हणून दुसऱ्यांची पंचवीस पोरं धुवायला-पुसायला निघताना मी माझ्या पोरीला मोहरीएवढी अफू चाटवायची आणि तिचा पाय चिंधीनं बाजेला बांधायची. गल्लीत बऱ्याच जणी तसंच करायच्या. शेजारची म्हातारी अधूनमधून डोकावायची.

त्या साली दिवाळीनंतर गल्लीतली कमलम्मा विड्या सोडून नवऱ्याबरोबर श्रीपूरकडं ऊस तोडायला गेली. तिची महानंदा आमच्या पटावर होती, तिलाही घेऊन गेली. पोरं चोवीस राहिली. चिटणीसबाईंनी महानंदाची हजेरी मात्र रोज लावली. जानेवारीत एके दिवशी अचानक तपासणी आली.

"नागव्वा, पळ, तुझी पोर घेऊन ये," चिटणीसबाई म्हणाल्या. "साहेबबाई पलीकडच्या बालवाडीत आल्यात."

"बाई, ती झोपली असंल."

"मग बरंच की. नाव विचारलं तर महानंदा सांग."

मी पळत गेले. पोरीचा पाय सोडला, तिला खांद्यावर टाकलं आणि तशीच परत आले. झोळीत घालताना तिची मान लुळी पडत होती.

साहेबबाईंनी पोरं मोजली. पंचवीस भरली. मग त्या शरणीच्या झोळीपाशी थांबल्या आणि वाकून तिची पापणी वर करून पाहिली.

"हिला अफू दिलीय," त्या म्हणाल्या. "कुणाची ही?"

मी झोळीची दोरी धरून उभी होते. चिटणीसबाई पटकन म्हणाल्या, "महानंदा. आई विड्या वळते हिची. किती सांगायचं हो या बायकांना? काळीजच नसतं."

साहेबबाई माझ्याकडं वळल्या. "मावशी, संध्याकाळी हिची आई न्यायला आली की तिला सांगा. अशानं एक दिवस पोर उठायचं नाही म्हणावं."

"सांगते."

"नुसतं सांगू नका. चांगलं दटावा."

"व्हय बाई."

त्यांनी मला पोरीच्या तोंडावर पाणी मारायला लावलं, तळपाय चोळायला लावले. ती रडेपर्यंत त्या हलल्या नाहीत. मग वहीत काहीतरी लिहून गेल्या.

त्यांची गाडी वळल्यावर चिटणीसबाई म्हणाल्या, "ने आता हिला घरी."

मी पोरीला घट्ट धरलं. "न्हाय नेत. तुमी रोज महानंदा लिवताय, ती हीच. आता ही हितंच राहील."

"नियम माहीत आहे ना?"

"हाय की. मगाशी साहेबबाईंनाच इचारायचा होता."

त्यांनी हजेरीची वही मिटली. "शरणी म्हणून हाक मारायची नाही," त्या म्हणाल्या. "आणि तिनं तुला अव्वा म्हणायचं नाही. कुणी ऐकलं तर तुझं काम गेलं."

तीन महिने माझी पोर महानंदा झाली. दूध प्याली, उसळ खाल्ली, पोटऱ्या भरल्या. ती माझ्याकडं दुडदुडत यायला लागली की मी दुसरं पोर उचलून मांडीवर घ्यायची. पहिले काही दिवस ती रडली. मग यायचीच थांबली.

एप्रिलात कमलम्मा परत आली. सकाळी आठला महानंदाला कडेवर घेऊन पाळणाघराच्या दारात उभी. पोर उन्हानं करपलेली, हातापायाच्या काड्या झालेल्या.

"घे की गं हिला. मला विडीच्या कारखान्यात पानं आणाया जायचंय."

मी दारात आडवी उभी राहिले. "जागा भरली."

"भरली? नाव होतं की तिचं."

"काढलं."

तेवढ्यात आतून सोजरबाई ओरडली, "नागव्वा, महानंदाला आण गं हिकडं, दूध राहिलंय तिचं!"

कमलम्मानं मला ढकलून आत पाहिलं. शरणीला ती ओळखत होतीच. "वा गं शहाणे! माज्या पोरीच्या नावावर तुजी लेक दूध ढोसती, आन् मला म्हणती काढलं!"

"हळू बोल. माजं काम जाईल."

"जाऊ दे की! माजं काय हाय हितं जायला?"

चिटणीसबाई यायला तास होता. मी कमलम्माला पायरीवर बसवलं आणि तिच्या पोरीला वाटीभर दूध दिलं. पोरीनं वाटी दोन्ही हातांनी धरली ती सोडेना. आम्ही दोघी तिच्याकडं बघत बसलो.

"पटावर एकच महानंदा हाय," मी म्हणाले. "एक दिवस तुजी येऊ दे, एक दिवस माजी."

"आन् ज्या दिवशी न्हाय, त्या दिवशी काय करायचं?"

मी बोटाच्या पेरावर मोहरीएवढं दाखवलं. ती बोटं मोजत म्हणाली, "सोमवार, बुधवार, शुक्रवार माजे. बाकीचे तुजे."

"शनिवारी दुपारीच बंद होतंय. म्हणजे मला अडीचच दिवस."

"तुला पगार मिळतो की. तू घे अर्धा."

"एक शनिवार तू घे, एक मी घेते."

"न्हाय घेत जा!"

त्या अर्ध्या दिवसावरून आम्ही पायरीवरच एकमेकींच्या झिंज्या धरल्या.