सतरा नंबरचं झाड

सतरा नंबरच्या झाडाखाली ताई मान वर करून उभी होती. राखीव रानात पहारा करायची तिची नोकरी. पन्नासेक फुटांवर ढोलीच्या फटीतून चोचीचं टोक बाहेर आलं होतं.

धनेश पक्ष्याची मादी अंडी घालायला ढोलीत शिरते आणि तोंड लिंपून घेते, बोटभर फट ठेवून. आत तिची पिसं गळतात, उडता येत नाही. नर फळं आणून भरवतो. "असा नवरा झाडावरच मिळायचा," असं ताई दरवर्षी म्हणायची आणि तिचा जोडीदार लंबू दरवर्षी हसायचा. आज तो हसला नाही. मुळांपाशी सापडलेली काळी-पांढरी पिसं त्याच्या हातात होती. चोच नव्हती. तिच्यासाठीच तर शिकारी धनेश मारतात.

"आठवड्यात हा चौथा," लंबू म्हणाला. "एवढ्या रानात त्यांना नेमकं झाड सापडतं कसं?"

ताईने बुंध्याकडे पाहिलं. छातीएवढ्या उंचीवर पांढरा पट्टा, त्यावर सतरा. साहेबांची नवी शिस्त: घरट्याच्या प्रत्येक झाडाला नंबर, रोज पाहणी, वहीत सही. एक्केचाळीस पट्टे ताईनेच रंगवले होते, आकडे वळणदार यावेत म्हणून जीभ दातांत धरून. लांबून दिसले पाहिजेत, असं साहेब म्हणाले होते. दिसत होते.

चाळीस फुटांपर्यंत बुंध्याला फांदी नव्हती. तिने वायरलेस उचलला.

"साहेब, दोरावर चढणारा माणूस पाठवा. नर गेला. मादीला भरवायला हवं."

"ताई, विणीच्या दिवसांत झाडावर चढायला बंदी आहे. तुम्हीच मागे लागला होतात ना?"

"लागले होते."

"वर लिहितो मी. आठेक दिवस लागतील."

"आठ दिवस ती काय खाईल?"

"मी तरी काय करू, ताई? आणि पट्टा पुसू नका हं, नोंदी चुकतात."

ताईने कोयता काढला आणि पट्टा खरवडायला घेतला.

"त्यांना आता पाठ झालं असेल," लंबू म्हणाला.

"असू दे."

खोडावरचा आवाज वर पोचला असावा. चोच आणखी बाहेर आली, उघडली. आला, असं वाटलं असेल तिला.

ताईचा हात थांबला. कोयता खाली ठेवून ती ओल्या फडक्याने पुसू लागली, आवाज न करता. रंग निघेना. पक्काच होता, साहेबांनी चांगल्यातला मागवला होता.