बेसिल शेवटी काय बोलला

शुक्रवारची सुट्टी होती. बहरीनच्या जिदहफ्समधल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये टेरेसा हामूर माशाच्या तुकड्यांना हळद-मीठ लावत होती आणि तिची मुलगी लॉरा बाल्कनीत कपडे वाळत घालत होती. डिसेंबरचा गार वारा सुटला होता. इतक्यात टेरेसाचा दीर जेफ्री आला. तो मनामातल्या एका हॉटेलात नोकरीला होता. चर्चहून परतताना दर शुक्रवारी डोकावून जायचा.

"वहिनी, जानेवारीत दादाला जाऊन वर्ष होईल, चर्चमध्ये त्याची मिस्सा. नंतरची प्रार्थना माझ्याकडे ठेवू," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून, "आणि लॉराचं ते प्रकरण आता खलास कर. त्या समाधानच्या घरात मुलगी द्यायची? ते कोण, आपण कोण! लॉराचं लग्न चर्चमध्ये, आपल्यातल्याच मुलाशी व्हावं, ही दादाची शेवटची इच्छा होती."

टेरेसाचे हात माशावरच थांबले. अशी कुठलीच इच्छा तिच्या नवऱ्यानं, बेसिलनं, कधी बोलून दाखवली नव्हती.

बेसिल देव मानत नव्हता. वसईकडच्या त्यांच्या गावात, तो सोळा वर्षांचा असताना, एका माणसानं विहिरीत जीव दिला होता. त्याला दफनभूमीत जागा मिळाली नाही. कुंपणाबाहेर, बाभळीखाली पुरलं. घंटासुद्धा वाजली नाही. त्या दिवसापासून बेसिल चर्चची पायरी चढला नाही. बहरीनला आल्यावर तो नकाशे काढायचं काम करी आणि संध्याकाळी पुस्तकं वाची. समाधान हा अकोल्याकडचा एसी टेक्निशियन, घरचा आंबेडकरी बौद्ध. त्याच्याशी बेसिलच्या तासन् तास गप्पा चालत. त्याला तो चार्ल्स ब्रॅडलॉची हकिगत सांगे. शंभर वर्षांपूर्वीचा इंग्लंडचा हा खासदार. देवाच्या नावानं शपथ घेण्याऐवजी साधं वचन देतो म्हणाला, म्हणून पार्लमेंटनं त्याला जवळजवळ सहा वर्षं बसू दिलं नाही, आणि त्याचे मतदार मात्र पुन्हा पुन्हा त्यालाच निवडून देत राहिले.

"अगं, त्याचं म्हणणं एवढंच," बेसिल टेरेसाला सांगे, "देवाला सरकारच्या दारात पहारेकरी करून उभं करू नका. तू तुझी रोझरी म्हण. मी कधी अडवलं?"

खरंच, त्यानं कधीच अडवलं नव्हतं.

गेल्या जानेवारीत तो सलमानियाच्या इस्पितळात वारला. टेरेसा तिथेच नर्स होती. दुपारी तीनची वेळ, तिनं त्याचा हात धरला होता. "खिडकी लावून घे गं, वारा येतोय," तो म्हणाला. ती खिडकी लावून वळली, तोवर सगळं संपलं होतं.

कॉरिडॉरमध्ये जेफ्रीनं तिचे खांदे धरले. "वहिनी, गावचे फादर विचारतील. शेवटी त्यानं येशूचं नाव घेतलं असं सांगू. नाहीतर बाबांच्या शेजारी जागा देणार नाहीत. आई हाय खाऊन मरेल."

टेरेसानं नुसती मान हलवली होती. एवढंच.

पण त्या मान हलवण्याला पाय फुटले. पहिल्या महिन्याच्या प्रार्थनेत, लोकांच्या तोंडी, बेसिलनं येशूचं नाव घेतलं. ईस्टरला त्यानं क्रूस मागून घेतला. पावसाळ्यात गावाहून आलेल्या एका बाईनं टेरेसालाच सांगितलं, तो कसा लहान मुलासारखा रडला आणि आयुष्यभराच्या पापाची क्षमा मागत गेला. बायका टेरेसाचे हात डोळ्यांना लावत. ती लावू देई.

मग भर दिवसा, वॉर्डात, तिला तो दिसू लागला. कुठल्याही पलंगावर, कुठल्याही पेशंटच्या चेहऱ्यावर. त्याचे ओठ हलत, आणि आवाज यायचा तो जेफ्रीचा, त्या बाईचा, कधी कधी तिचा स्वतःचाही. बेसिलचा आवाज कसा होता ते आठवायला ती डोळे मिटून उभी राही. आठवत नसे. आपण माणसाला पुरलं आणि त्याच्या जागी दुसराच कोणी घरात आणून बसवला, असं तिला वाटे.

आता तो दुसरा लॉराचं लग्न मोडायला निघाला होता.

जेफ्री गेल्यावर लॉरा आत आली. तिनं सगळं ऐकलं होतं. "मम्मी, डिड पप्पा रिअली से दॅट?" "त्यांनी खरंच सांगितलं असेल तर आय विल टेल समाधान नो."

टेरेसा हात धुवायच्या निमित्तानं मोरीकडे वळली.

दुसऱ्या दिवशी लॉरा ऑफिसला गेल्यावर तिनं बेसिलची पेटी उघडली. त्याच्या वहीत, त्याच्या बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: ब्रॅडलॉ गेल्यावर लोकांनी उठवलं, की मरताना तो देवाला शरण गेला. असं होणार हे त्याच्या मुलीला आधीच ठाऊक होतं. शेवटच्या आजारात सेवा करणाऱ्या नर्सांकडून तिनं सहीनिशी लिहून घेतलं होतं, की धर्माबद्दल तो एक अक्षरही बोलला नाही.

टेरेसा ते वाचून जमिनीवरच बसून राहिली. नर्सांनी सही केली होती. परक्या बायकांनी! आणि ती तर त्याची बायको होती.

जानेवारीत जेफ्रीच्या घरी तीस-चाळीस माणसं जमली. रोझरी झाली. जेफ्री उठून दादाच्या अखेरच्या घटकेबद्दल बोलू लागला, तशी टेरेसा उभी राहिली.

"असं काही झालं नाही," ती म्हणाली. "तो म्हणाला, खिडकी लावून घे. मग गेला. क्रूस नाही, फादर नाही, लॉराच्या लग्नाचंही काही नाही. मी खोट्याला मान हलवली, ते माझं पाप. मी देव मानते. तो मानत नव्हता. तो होता तसाच गेला."

जेफ्रीचा चेहरा पांढरा पडला. त्यानं टेबलावरचं बायबल उचलून तिच्यासमोर धरलं. "हात ठेव यावर. मग बोल."

टेरेसानं त्या पुस्तकाकडे पाहिलं. लहानपणापासून ती ते कपाळाला लावत आली होती.

"नाही ठेवणार," ती म्हणाली. "आज त्याच्याबद्दल बोलतेय, तर त्याच्या रीतीनं बोलेन. मी तिथं होते. माझा शब्द घ्या, नाहीतर सोडा."

लॉरा रडत येऊन तिला बिलगली. बाकीची माणसं चहा न घेताच उठली.

लॉरा आणि समाधाननं सुट्टी टाकून मुंबईत रजिस्टर लग्न केलं. जेफ्रीनं शुक्रवारचं येणं बंद केलं. टेरेसानं सासूला सगळं खरं लिहून कळवलं, त्या पत्राला उत्तर आलं नाही. मात्र त्या वर्षभरात बेसिल पुन्हा वॉर्डात दिसला नाही.

ऑक्टोबरच्या अखेरीस ती गावी गेली. खरी गोष्ट तोवर गावभर झाली होती. ओटीवर बसलेल्या सासूनं तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. "एकदा तो तिथं मेला," म्हातारी म्हणाली, "आणि एकदा तू मारलास." पुढे चार दिवस घरात दोघींत शब्द नव्हता.

दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, चर्चमध्ये गावातल्या गेलेल्यांची नावं घराघरानं वाचतात. प्रत्येक नावानंतर लोक म्हणतात, "त्याला चिरशांती लाभो." टेरेसा मागच्या बाकावर ऐकत होती. बेसिलच्या बापाचं नाव आलं. बेसिलचं गाळून लगेच पुढचं घर सुरू झालं. यादी संपली, फादरांनी कागद मिटला.

टेरेसा उठून उभी राहिली. "बेसिल," ती मोठ्यानं म्हणाली.

माना वळल्या. फादर थांबले. आणि मग पुढच्या बाकावरून, मागे वळूनही न पाहता, तिच्या सासूचा फाटका आवाज आला.

"त्याला चिरशांती लाभो."

बाकीचं सगळं गाव गप्प होतं.