अर्ध्या गोळीची वाटेकरीण

मी एक जुनी निळी पेटी आहे, मित्रांनो. रोज सकाळी अनसिंगच्या दवाखान्यात पल्लवी माझं झाकण उघडते, आतली ओल फडक्याने टिपते, बर्फाच्या पिशव्या चारही बाजूंना उभ्या लावते आणि मध्ये रक्ताच्या नळ्यांपुरती जागा ठेवते. आजची सकाळही तशीच होती.

तरुणपणी मी गावोगाव बाळांच्या लसी नेल्या. पुढे कडी तुटली आणि मी अडगळीत पडले. विद्यापीठात संशोधन करणाऱ्या, इंझोरीच्या पल्लवीने मला शोधून नवी कडी लावली. आता मी हृदयरोग्यांचं रक्त वाशिमला नेते. ॲस्पिरिनमुळे रक्तात गुठळी होणं टळायला मदत होते. तरीही ती घेणाऱ्या काहींच्या रक्तवाहिन्यांमधला दाह का शमत नाही, तेव्हा पेशींतली कोणती जनुकं जागी असतात आणि कोणती निजलेली, हे तिला जाणून घ्यायचं आहे.

आजचा, उकंडराव नावाच्या म्हाताऱ्या हृदयरोग्याचा नमुना शेवटचा. त्यावाचून तिचं काम अडलं होतं. नळी माझ्या पोटात ठेवता ठेवता तिने विचारलं, गोळी रोज घेता ना?

"घेतो ना बाई. अर्धी."

"अर्धी काहून, बाबा?"

"अर्धी हिले देतो. हिचीबी छाती भरून येते. दुखणं एकच, त गोळीबी एकच."

शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी लिलाबाई म्हणाल्या, "जलमभर भाकरीतला कुटका नाही देल्ला यायनं, अन् आता गोळी वाटून राह्यले."

सगळे हसले. पल्लवी हसली नाही. अर्ध्या मात्रेचं रक्त तिच्या प्रश्नाला खरं उत्तर देणार नव्हतं. ती गप्प राहिली असती, तर कोणाला कळलंही नसतं.

ती रागावली नाही. तुमची गोळी तुम्हाला पूर्ण लागते आणि मावशींची छाती आधी तपासायला हवी, एवढंच तिने समजावलं. डॉक्टरांनी लिलाबाईंचा ईसीजी काढला आणि लगेच वाशिमला न्यायला सांगितलं. रुग्णवाहिका दुसऱ्या गावी गेली होती.

मित्रांनो, स्वतःच्या औषधातला वाटा देणारं माणूस मला मोठंच वाटतं. पण तुमच्या घरी कोणाची छाती भरून आली, तर आपली गोळी मोडून देऊ नका. त्याला दवाखान्यात न्या.

पल्लवीने ती एकुलती नळी माझ्यातून काढून बाजूला ठेवली. नमुन्यांच्या गाडीत चालकाशेजारची जागा माझी असते. तिने मला टेबलावरच राहू दिलं, आणि त्या जागेवर लिलाबाईंना हात धरून बसवलं.